हात सोडा, काका

"काका, हात सोडा ना. असं धरून काही फायदा होत नाही."

मी एवढंच म्हणाले. ऑगस्टातली सकाळ होती, तीन दिवसांपासून झड लागलेली, जिमच्या खिडक्यांना आतून वाफ धरलेली. माझ्या शेजारच्या क्रॉस ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालायच्या मशीनवर, काका होते. अंगात इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, काळी पँट, कमरेला पट्टा, आणि या सगळ्याशी काहीच मेळ नसलेले जाड तळव्याचे नवेकोरे बूट. ऑफिसला निघाल्यासारखं जिमला येणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं. मधला न हलणारा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मान खाली, नजर स्वतःच्या पावलांवर. माझं ऐकून ते हसले, "हो का?" म्हणाले, आणि शाळेतल्या मुलासारखे लगेच दोन्ही हात सोडून मोकळे झाले. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरीला एकदम डावीकडे कलले. ट्रेनर पोरगा हातातलं डंबेल टाकून धावला. पडले नाहीत, नशीब. अंगठा तेवढा दांड्यावर आपटला. उतरून कोपऱ्यातल्या बाकावर बसले, रुमालानं मान पुसली आणि पिशवीतून एक लहानसा गोल आरसा काढला. भांग नीट करत असतील, असं मला वाटलं. मी माझी उरलेली अकरा मिनिटं पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

आता लोकांना असं काही सांगायचा अधिकार मला कुणी दिला, तर तीन महिन्यांच्या अनुभवानं. मे महिन्यात मी या मशीनवर पहिल्यांदा चढले, तेव्हा चाळीस सेकंदांत उतरले होते. त्याआधी माझं फिरणं म्हणजे अंबाझरी तलाव, नाहीतर सेमिनरी हिल्सची टेकडी. मग गुडघा बोलायला लागला. एक्स-रे खिडकीकडे धरून डॉक्टर म्हणाले, "झीज सुरू झालीय." सुरू या शब्दावर त्यांचा जोर होता, म्हणजे मी खूश व्हायला हवं होतं. जिने कमी करा, मांडी घालून बसू नका, वजन उतरवा, पण चालणं सोडू नका. मे महिन्यात नागपूरकराला चालणं सोडू नका म्हणायला डॉक्टरचंच काळीज पाहिजे. २३ मे २०१३ ला या गावानं ४७.९ अंश पाहिलेत. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत पहाटे साडेपाचला घराबाहेर पडावं तर भिंती रात्रभर साठवलेली ऊब अंगावर सोडत असतात, आणि सात वाजता ऊन असं लागतं की कुणीतरी मुद्दाम आपल्याकडेच वळवलंय. म्हणून जिम. वय चोपन्न, वजन अठ्ठ्याहत्तर, आणि वीस-बावीस वर्षांची पोरं मला "काकू" म्हणून मशीन पुसून देणारी. पहिला आठवडा मी त्या "काकू"वरच चिडून काढला.

ही जिम आधी तळघरात होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि आमच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये जे पाणी शिरलं, त्यात ती छतापर्यंत बुडाली. बहुतेक सामान भंगारात गेलं. पहिल्या मजल्यावर नव्यानं थाटताना मालकानं एक जुना क्रॉस ट्रेनर तेवढा वाचवला. गाळ काढून, धुऊन, ग्रीस भरून उभा केला. शेजारी एक नवा, चकचकीत. नवा आवाज करत नाही. जुना प्रत्येक फेरीला "कुईं... टक" असं म्हणतो, आणि कूलर चालू असला तर वाळ्याच्या ओल्या ताट्यांच्या वासात मिसळून हा आवाज मला चक्क गाडीबैलाचा वाटायचा. मी जुनाच पकडायचे. नव्यावर पोरांची रांग असते आणि रांगेत उभं राहून कुणी आपल्याकडे बघत असलं की मला पाय कुठला पुढे आणि कुठला मागे हेच सुचत नाही.

पाय कुठला पुढे, हाच तर त्यातला पहिला धडा आहे. सायकल म्हणावी तर बसायला सीट नाही. जिना म्हणावा तर पायरी संपत नाही. तळव्याएवढ्या दोन पाट्यांवर उभं राहायचं, पाट्या पुढे, खाली, मागे, वर अशा फिरतात आणि पावलं त्यांच्यावरून एकदाही उचलत नाहीत. या फिरण्याचा आकार लंबवर्तुळ. शाळेत भूगोलाच्या सरांनी फळ्यावर दोन खिळे ठोकून, सुतळीचा सैल फास त्यांच्याभोवती टाकून, खडूनं तो ताणत ताणत हा आकार काढला होता. पृथ्वी अशी फिरते, म्हणाले होते. केप्लरनं १६०९ मध्ये ग्रहांच्या कक्षेबद्दल लिहून ठेवलं आणि आम्ही वहीत उतरवून घेतलं. आपण चालताना आपला घोटाही हवेत जवळपास हाच आकार काढतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. या मशीनच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. लॅरी मिलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं आपली मुलगी गाडीच्या बाजूनं धावत असताना तिचं चित्रीकरण केलं आणि तिच्या पायाची वाट कागदावर काढून पाहिली. ती लांबट गोल निघाली. पुढे १९९५ मध्ये प्रीकॉर कंपनीनं असं मशीन बाजारात आणलं. मला त्या गोष्टीत मशीनपेक्षा ती मुलगीच जास्त दिसते. बाप गाडीतून बघतोय, कॅमेरा पायांवर, आणि ती बिचारी विचारत असेल, अजून किती धावू?

धावणं माझ्या नशिबात शाळेनंतर नव्हतंच, आणि आता गुडघ्यानं तर दारच लावून घेतलं. धावताना दर पावलाला जमीन आपल्याला वजनाच्या दोन-तीन पट धक्का परत देते. अठ्ठ्याहत्तर किलोच्या बाईनं तो हिशेब करू नये. क्रॉसवर पाय उचलतच नाही, त्यामुळे पडतही नाही, आणि पडत नाही म्हणून तो धक्काच नाही. तरी शरीराचं वजन पायांवरच असतं, पोहण्यासारखं पाण्यानं उचललेलं नसतं. म्हणून हाडांनाही थोडं काम मिळतं, जे माझ्या वयाच्या बायकांना हवंच असतं. हलते दांडे ओढले-ढकलले की खांदे, पाठ, छाती सगळे कामाला लागतात. उलटं चालवलं, म्हणजे मागे मागे, की मांडीचा पुढचा भाग असा पेटतो की मिरची लागावी. गुडघ्याला धरून ठेवणारा स्नायू तोच, त्यामुळे ती जळजळ मी दात खाऊन सोसते. आणि डॉक्टरांनी एक गणित सांगितलं होतं, ते मला सगळ्यात जास्त पुरलं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. ऑगस्टपर्यंत माझे चार किलो उतरले होते. चार चोक सोळा. घरच्या सिलिंडरमध्ये चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस असतो. म्हणजे भरल्या सिलिंडरमधला गॅस, वर पावणेदोन-दोन किलो गहू, एवढं ओझं मी प्रत्येक पावलागणिक खाली ठेवत होते. असं कळल्यावर माणसाला जरा चढणारच.

मी घरी हे गणित सांगितलं, तर दिराकडून ठरलेलं उत्तर आलं. "आपल्या आजीला कुठं जिम लागली होती?"

या वाक्याला मी आता फार वैतागते. फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा दळायचं जातं, उखळ, विहीर यांचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, हीच आमची जिम. माझी आजी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात राहायची. पहाटे दळण, मग विहिरीचं पाणी, मग शेणानं सारवणं उकिडवं बसून, मग चुलीसमोर तासन्‌तास. हो, दंड मजबूत होते तिचे. पण मला आठवणारी आजी चालताना आठवत नाही. ती पाटावर बसून, दोन्ही हात जमिनीला टेकून, पाट सरकवत सरकवत स्वयंपाकघरातून देवघरात जायची. पाटाच्या खालच्या पट्ट्यांनी फरशीवर दोन फिकट रेघा पडल्या होत्या, आगगाडीच्या रुळांसारख्या. आम्ही पोरं त्या रेघांवरून खेळण्यातली गाडी चालवायचो. पंचावन्न-छप्पन्न वय असेल तिचं तेव्हा, म्हणजे आजच्या माझ्याएवढंच. तिला कुणी विचारलं नाही, की आज किती वजन, किती वेळ, मधे एखादा दिवस आराम पाहिजे का. कष्ट आणि व्यायाम यात केवढं अंतर असतं, ते त्या रुळांएवढं लांब मला दुसऱ्या कशात दिसत नाही. जुना क्रॉस "कुईं... टक" करतो तेव्हा कधीकधी मला तो पाट सरकल्याचाही आवाज येतो.

तरी या मशीनला मी देव मानत नाही. तिचा पडदा तर सरळ खोटं बोलतो. चाळीस मिनिटांनी घाम पुसत बघावं तर ३८० कॅलरी, छाती फुगते, आणि बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं. वरून लाल तर्री, चणे, कांदा, लिंबू. मी दोन आठवडे हा व्यवहार केला आणि काटा हलला नाही. ट्रेनर म्हणाला, "काकू, मशीनवर भरोसा नका ठेवू. ती वाढवूनच दाखवते." तो पडद्याकडे बघूच देत नाही. त्याचं माप साधं आहे. मशीनवर असताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता येत असेल तर रेझिस्टन्स, म्हणजे पाट्यांचा जडपणा, वाढवा, बोलताच येत नसेल तर कमी करा. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी हे व्हायला पाहिजे, जागतिक आरोग्य संघटनाही तेवढंच सांगते, वर दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. म्हणून बुधवार-शनिवार मला डंबेल घ्यावे लागतात, जे मला मुळीच आवडत नाही. क्रॉस मात्र आवडतो. पंधराव्या मिनिटाच्या आसपास एक वेळ येते, जेव्हा श्वास आणि पाट्या एका तालात लागतात आणि डोक्यातली यादी, गॅसचा नंबर, सोसायटीची मीटिंग, मुलाचा न आलेला फोन, हे सगळं एकेक करून गळून पडतं. उतरल्यावर जमीन दोन पावलं हलत राहते. होडीतून उतरल्यासारखी.

आणि तो दांडा. मधला स्थिर दांडा धरून त्यावर रेललं, की आपलं वजन हातांवर जातं, पायांचं काम हलकं होतं, काळजालाही फारसं पळावं लागत नाही. मशीनला हे कळत नाही, ती आकडे तेवढेच देत राहते. पहिले पंधरा दिवस मी तशीच रेलून चालवायचे. मग ट्रेनर एका सकाळी म्हणाला, "काकू, तुम्ही दांडा काऊन धरून राहिल्या? सोडा ना, काही नाही होत." मी सोडला, पोट आपोआप आत गेलं, पाठ ताठ झाली, आणि खरंच काही झालं नाही. त्या दिवशी मला जे वाटलं, ते मी काकांना द्यायला निघाले होते. निदान स्वतःला मी असंच सांगत होते. पण रात्री भांडी आवरताना माझाच आवाज कानात यायचा. "काही फायदा होत नाही." हा सूर मी ओळखते. नव्यानं शहाणं झालेलं माणूस बोलतं तो.

मला आणखी एक त्रास होता, तो मी ट्रेनरलाही सांगितला नव्हता. वीसेक मिनिटं झाली की उजव्या पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या, मग बोटं हळूहळू नाहीशीच व्हायची. पाऊल पाटीवरून हलत नाही, भार सारखा पुढच्या चवड्यावर, बूटही घट्ट, त्यामुळे तिथली नस दबते. टाच टेकवली, बोटं बुटात हलवली, नाडी सैल केली की परत येतात. पण ती दोन मिनिटं फार विचित्र असतात. खाली बघितल्याशिवाय पाय आहे की नाही ते सांगता येत नाही. काका यायचे थांबले त्या दिवसांत हे झालं, की मी आपोआप मान खाली घालून पायाकडे बघायचे. आणि का कोण जाणे, त्यांची ती खाली घातलेली मान आठवायची.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. जिम अर्धी रिकामी, आलेली पोरं गॉगल लावून इतवारीकडे निघायच्या तयारीत. "गुडघेदुखी घेऊन जाऽ गे मारबत," असं एकानं माझ्याकडे बघून ओरडून घेतलं, सगळे हसले, मीही हसले. त्याच्या पुढच्या सोमवारी मी जिना चढून वर आले तर नव्या क्रॉसवर पांढरा हाफ शर्ट. दोन्ही हात मधल्या दांड्यावर. नजर खाली.

मी जुन्यावर चढले. पाच मिनिटं नुसती कुईं-टक, कुईं-टक. मग म्हटलं, "काका, त्या दिवशी लागलं का फार? मी उगाच बोलले."

"कोणत्या दिवशी?" त्यांना खरंच आठवेना. मग आठवलं. "अरे, ते होय. त्यात काय जी. मी चंद्रपूरला गेलो होतो पोरीकडे. पाण्यापावसाचा अटकून राहिलो तिथंच." म्हणजे तीन आठवडे मी जिच्यासाठी स्वतःला खात होते, ती गोष्ट घडलीच नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. थोडा अपमानच वाटला.

मग ते बोलत गेले, वर न बघता. कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं काढली. बॉयलरचे लोखंडी जाळीचे जिने, दिवसातून कितीदा वर, कितीदा खाली, मोजदाद नाही. "अंधारातसुद्धा पायाला समजे कोणती पायरी ढिली आहे ते." सतरा वर्षांपासून शुगर. "आता पाय गेले. म्हणजे आहेत, पण मला काही सांगत नाहीत." घरून दोन्ही चपला घालून निघतात आणि चौकात कुणीतरी सांगतं की एका पायात नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं, नाहीतर तोल जातो. पायांकडून जी खबर यायला पाहिजे, ती आता डोळ्यांनी आणावी लागते. रस्त्यावर फिरायला जावं तर गिट्टी टोचली तरी कळत नाही, खड्डा कळत नाही. ट्रेडमिलचा पट्टा पायाखालून पळतो. डॉक्टर म्हणाले, हालचाल पाहिजेच, स्नायू हलले की रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न बघता आत ओढून घेतात. म्हणून हे मशीन. "यात पाय ठेवला का ठेवला. मंग जमीन शोधावं नाही लागत." आणि दांडा? त्यावर ते काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. ती पांढरी पडलेली पेरं माझ्या समोरच होती.

माझी बोटं तेवढ्यात मुंग्यांनी भरून गेली. मी मधला दांडा धरला. टाच टेकवली, बोटं हलवली. आमचे दोन्ही क्रॉस थोडा वेळ एका लयीत चालले, नवा मुका, जुना कुईं-टक. ट्रेनरनं लांबून माझ्या हातांकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि का कुणास ठाऊक, काही न बोलता टॉवेल घड्या करायला लागला.

वीस मिनिटांनी काका उतरले. बाकावर बसून बूट काढले, मोजे काढले, पिशवीत हात घातला, चाचपला, पुन्हा चाचपला. मी पाणी पीत होते.

"बाई," ते म्हणाले, "आरसा राहिला वाटते पोरीकडेच. व्यायाम झाला का रोज तळवे पाहावं लागते. फोड आला तर मला समजत नाही ना. पोरायले सांगायला बरं नाही वाटत. जरा टाचेकडे पाहता का, लाल-बिल दिसते का काही?"

मी बाटली बाकावर ठेवली, मशीनचा पाय धरला आणि खाली बसले. गुडघ्यानं आवाज केला, तो आम्हा दोघांनाही ऐकू आला. "अहो, बसू नका, बसू नका," काका म्हणाले, पण तोवर मी बसले होते. पाऊल हातात घेतलं. थंड होतं, कातडी कागदासारखी कोरडी, टाचेला भेगा. मी खिडकीच्या उजेडाकडे वळवून पाहिलं, बोटांच्या मधे पाहिलं. मग दुसरं.

"काही नाही," मी म्हटलं. "बरं आहे सगळं."

"धरलं का तुम्ही?" काकांनी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत होते.